बेसमेंटमधली खोली

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही कॅनडात विनिपेगला राहतो. मी, नवरा आणि अकरा वर्षांची लेक. गेले दोन सीझन आमच्या बेसमेंटमधल्या खोलीत विनिपेग आइस या ज्युनिअर आइस हॉकी संघातला एक मुलगा राहत होता. इथे सोळा-सतरा वर्षांची मुलं घरापासून शेकडो मैल लांब खेळायला येतात आणि एखाद्या कुटुंबात राहतात, त्याला बिलेट म्हणतात. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने विचारलं आणि आम्ही हो म्हटलं. पहिला महिनाभर मला त्याच्या भुकेचीच धास्ती वाटायची. पुढे तो सामन्याच्या दिवशी सकाळी स्वतःहून पोहे मागायला लागला, वर केचप घालून. लेकीला त्याने उलटं स्केटिंग शिकवलं. त्याच्यामुळेच ती मुलींच्या संघात गेली.

२०२३ च्या मे महिन्यात सीझन संपला, तो त्याच्या घरी गेला. जाताना 'ऑगस्टमध्ये येतोच' म्हणाला, दोन स्टिक गॅरेजमध्येच ठेवून गेला. जूनमध्ये बातमी आली की संघ विकला गेला आणि आता अमेरिकेत वेनाची नावाच्या गावी जाणार. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. डोंबिवलीहून आई म्हणते, 'अगं, परक्याचं लेकरू ते, आज ना उद्या जाणारच होतं.' लेकीने स्केट्स पोत्यात घालून ठेवलेत. म्हणते, 'तो नाही तर मीही नाही.' दुसऱ्या एका संघाने सप्टेंबरसाठी एक मुलगा ठेवाल का म्हणून विचारलंय, पण नवरा म्हणतो, पुरे झालं, पुन्हा जीव लावायचा नाही. मी त्या मुलाला अजून एक ओळही लिहिलेली नाही. त्याचाही मेसेज नाही. काय लिहू? आणि त्या स्टिकचं काय करू?

– एक वाचक, विनिपेग

*

आधी तुमच्या आईंबद्दल. सातासमुद्रापार लेकीचा आवाज रडवेला ऐकू आला की आई सावरायलाच बघते, त्यांनी तेच केलं. पण परक्याच्या लेकराला जेवू घालणं आपल्याकडे काही नवं नाही. माझी आजी सदाशिव पेठेत राहायची. तिच्या तरुणपणी कोकणातून शिकायला आलेला एक मुलगा दर गुरुवारी त्यांच्याकडे वाराने जेवायला यायचा. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, अशी त्याची सात घरं लागलेली होती. परीक्षा झाल्या, नोकरी लागली, तो गेला. ऐंशीच्या घरात पोचली तरी आजी सांगायची, "त्याला अळूची भाजी फार आवडायची, पण मागायचा नाही. मीच न विचारता दुसऱ्यांदा वाढायची." तीन वर्षांचे गुरुवार मोजले तर दीडशेच्या आसपास भरतात. तुमच्याकडचा मुलगा दोन हिवाळे रोज जेवलाय, उणे तीस अंशांत रात्री अकराला बसमधून उतरून तुमच्या दाराशी बूट झाडलेत त्याने. तुम्हाला रडू येतंय यात वावगं काही नाही. आईंना आजीच्या त्या मुलाची गोष्ट सांगून बघा. त्या पिढीला वार माहीत असतात.

आता मला जे खरं म्हणायचं आहे ते. तुमच्या पत्रात संघ आणि मुलगा एकाच दाव्याला बांधलेले दिसतात. संघ गेला म्हणून मुलगा गेला, मुलगा गेला म्हणून लेकीची हॉकी गेली, म्हणून खोली बंद. ही गाठ सोडवावी लागेल, आणि त्यासाठी तुमच्या या संघाचं कूळ थोडं सांगते. मी कॅलगरीला राहते, त्यातला काही भाग जवळून पाहिलाय.

हा संघ मुळात विनिपेगचा नव्हता. १९९६ साली तो एडमंटनला सुरू झाला, एडमंटन आइस या नावाने. दोनच वर्षांत, १९९८ मध्ये, तो ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरातल्या क्रॅनब्रुकला गेला आणि कूटेने आइस झाला. मालक होते एड चिनोविथ. तुमचा संघ खेळतो त्या वेस्टर्न हॉकी लीगचे ते कित्येक वर्षं अध्यक्ष होते आणि आज लीगचा विजेतेपदाचा चषक त्यांच्याच नावाने दिला जातो. यंदा मे महिन्यात तुमचा संघ सिएटलविरुद्ध अंतिम फेरीत हरला तो चषक हाच. क्रॅनब्रुक हे जेमतेम वीस हजार वस्तीचं गाव. त्या गावाच्या संघाने २०००, २००२ आणि २०११ असं तीनदा लीगचं विजेतेपद जिंकलं आणि २००२ मध्ये तर मेमोरियल कप, म्हणजे अख्ख्या कॅनडातल्या मेजर ज्युनिअर, म्हणजे वरच्या पायरीच्या ज्युनिअर हॉकीतलं सर्वोच्च बक्षीस. पुढे चिनोविथ कुटुंबाने २०१७ मध्ये संघ विकला. नव्या मालकांनी २०१९ च्या जानेवारीत जाहीर केलं की सीझन संपला की संघ विनिपेगला जाणार.

तुम्हाला मिळालेला संघ कोणाच्यातरी हातून सुटून आला होता, एवढंच मला सांगायचं आहे.

तेव्हा माझी एक मैत्रीण क्रॅनब्रुकला नर्स होती. फेब्रुवारीत मी तिच्याकडे चार दिवस गेले होते, तिने मला एका सामन्याला नेलं. संघ हरत होता, तो सीझनच वाईट गेला होता. आमच्या पुढच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ बसले होते, बुडाखाली चौकोनी लोकरी गादी. मैत्रीण म्हणाली, हे पहिल्या वर्षापासून याच खुर्चीवर बसतात आणि गादी तिथेच ठेवून घरी जातात, कोणी हात लावत नाही. त्या रात्री सामना संपल्यावर ते उठले, गादी उचलली, झटकली आणि काखेत मारून पायऱ्या उतरले. अजून काही सामने बाकी होते. मैत्रीण काही बोलली नाही, मीही नाही. पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडताना ती एकदम रडायला लागली. तिच्याकडे कोणी मुलगा राहत नव्हता, तिला ऑफसाइडचा नियमही नीट कळत नव्हता. गावातल्या शुक्रवारच्या रात्री जाणार होत्या, म्हणून ती रडत होती.

पुढचं मात्र तुम्ही नीट वाचा. त्या गावात पुन्हा ज्युनिअर हॉकी आली. क्रॅनब्रुक बक्स नावाचा नवा संघ निघाला, बीसीएचएल या एक पायरी खालच्या लीगमध्ये, पण त्याच रिंकवर. तो आणणारा माणूस कोण? नेथन ल्युवेन. २०११ साली कूटेने आइस विजेता झाला तेव्हाचा गोली, म्हणजे गोलरक्षक. कोवळ्या वयात त्या गावात खेळून गेलेला पोरगा. मालकांनी संघ उचलून नेला, आणि कधीकाळी खेळून गेलेल्या पोराने गावात संघ पुन्हा उभा केला. तुमचा मुलगा असं काही करेल असं मी म्हणत नाही. पण संघाचा रस्ता आणि मुलाचा रस्ता वेगळा असतो, हे मला ल्युवेनकडे बघून कळलं.

विनिपेगला हे मी सांगायला नको खरं तर. १९९६ साली तुमच्या शहरातून जेट्स हा व्यावसायिक हॉकी संघ फिनिक्सला गेला तेव्हा लोक रस्त्यावर येऊन रडले होते. २०११ मध्ये अटलांटाचा संघ उठून तुमच्याकडे आला आणि पुन्हा जेट्स झाला, तेव्हा अटलांटात कोण रडलं ते इथे कोणी फारसं विचारलं नाही. त्याच्याही आधी, १९८४ मध्ये, विनिपेग वॉरिअर्स हा ज्युनिअर संघ मूस जॉ नावाच्या गावी गेला. शेजारच्या सत्तरीतल्या बाईंना विचारून बघा, त्यांच्याकडे तीन वेगवेगळ्या जर्सी निघतील.

राग येणं मला समजतं. चार सीझन म्हणजे काहीच नाही, त्यातलंही पहिलं वर्ष कोविडने अर्ध्यातच तोडलं आणि दुसरं रजायना शहरात बंद दाराआड खेळलं गेलं. लोकांना मनासारखा बघायला मिळाला तो शेवटच्या दोन वर्षांत, आणि दोन्ही वर्षी साखळीत तुमचा संघ लीगमध्ये पहिला होता. तुमच्या संघातले सॅव्हॉय आणि गीकी २०२२ मध्ये एनएचएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या अकरात गेले, बेन्सन २०२३ मध्ये तेरावा. असा संघ का जातो, असं कोणीही विचारेल. कारण रिंकमध्ये आहे. विद्यापीठातल्या वेन फ्लेमिंग अरीनामध्ये सोळाशेच्या आसपास माणसं बसतात. तो तात्पुरता मुक्काम होता. नवं, मोठं अरीना बांधायचं ठरलं होतं, ते उभं राहिलं नाही. ज्युनिअर संघ तिकिटांवर जगतो, टीव्हीचा पैसा त्याच्याकडे येत नाही. वेनाचीचं अरीना तयार आहे, चार हजारांवर माणसं मावतात. शहर साडेसात लाखांचं असलं तरी दाराशी खुर्च्याच तेवढ्या असतील तर हिशेब बसत नाही. नव्या अरीनाचा शब्द पाळला गेला नाही म्हणून तुम्ही चिडलात तर मी तुमच्या बाजूने आहे. फक्त तो राग मुलाला लिहिण्याच्या पत्रात घालू नका, आणि लेकीसमोर तोंडात सतत येऊ देऊ नका.

कारण त्या मुलाला यात कोणी विचारलेलं नाही. लीग चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचा ड्राफ्ट करते, हक्क संघाकडे जातात, आणि संघ विकला की ते हक्कही त्याच्याबरोबर जातात. तो सध्या आईवडिलांच्या घरी बसून नकाशात वेनाची शोधत असेल. वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीकाठी सफरचंदाच्या बागांमधलं गाव आहे ते. नवा देश, नवी शाळा, नवी बिलेट आई. तिथे आधीपासून वाइल्ड नावाचा बीसीएचएलचा संघ होता, तो आता बंद होऊन त्याची जागा हा संघ घेतोय, म्हणजे तिथल्याही काही घरांतून मुलं निघाली आहेत. त्याला तुमची आठवण येत नाही म्हणून मेसेज नाही असं कृपा करून समजू नका. सतराव्या वर्षी मुलांना 'येतोच' म्हणून न येण्याची लाज वाटते. चूक आपली नसली तरी वाटते. लिहायचं कसं ते त्यांना सुचत नाही, आणि दिवस गेले की आणखी अवघड होतं.

म्हणून पहिलं पत्र तुमचं जाऊ दे. आजच. लांब नको. मी तुमच्या जागी असते तर एवढंच लिहिलं असतं: 'बातमी वाचली. तुझी चूक नाही हे आम्हाला माहीत आहे. तुझ्या स्टिक गॅरेजमध्ये आहेत. कॅम्पला कधी निघतोस ते कळव. जेवतोस ना?' त्यात 'आम्हाला फार वाईट वाटलं' हे वाक्य घालू नका. ते खरं आहे, पण त्याचं ओझं त्याच्यावर पडेल आणि तो तुमची समजूत काढत बसेल. ते तुम्ही मला लिहिलंत, आईंना सांगितलंत, तेवढं पुरे. त्याच्या आईला मात्र वेगळा फोन करा. दोन वर्षं तिचं मूल तुम्ही सांभाळलंत, तिच्याइतकं हे दुसऱ्या कोणाला कळणार नाही. तिच्याशी बोलताना रडू आलं तर येऊ दे. लीगमध्ये खेळलेल्या प्रत्येक सीझनमागे मुलाला कॉलेजची एक वर्षाची फी आणि पुस्तकांचा खर्च मिळतो, हे तिला ठाऊक असेलच. पण तुमच्या घरी राहून त्याने दोन वर्षांचं शिक्षण कमावलंय, हे तुम्हीही लक्षात ठेवा.

आणि वेनाचीतल्या त्या बाईंना, ज्यांच्याकडे तो राहील, एक चिठ्ठी त्याच्या हाती द्या किंवा पाठवा. तो काय खातो, सामन्याच्या दुपारी किती वाजता झोपतो, हरल्यावर किती वेळ बोलायचं नाही. हे लिहिताना तुमचा हात अडखळेल, मला माहीत आहे. आपली जागा आपणच दुसऱ्या बाईला लिहून द्यायची! पण त्याला तिथे पहिल्या आठवड्यात कमी एकटं वाटावं म्हणून एवढं करा. पोह्यांची कृतीही लिहा. केचपसकट.

लेकीचं प्रकरण मला जास्त जपून हाताळायचं वाटतं. तिला 'तुझ्यासाठी खेळ, त्याच्यासाठी नको' असं उपदेशून काही होणार नाही. अकराव्या वर्षी आपण कोणाच्यातरी मागे लागूनच सगळं सुरू करतो. तिचा निर्णय उन्हाळाभर तसाच राहू द्या, पोत्याला हात लावू नका. तिचं नाव नोंदवायची शेवटची तारीख मात्र तुम्ही कॅलेंडरवर लिहून ठेवा, तिला न सांगता. आणि थंडी सुरू झाली की एका संध्याकाळी तिला वेन फ्लेमिंग अरीनालाच घेऊन जा. ज्या रिंकवर ती त्याला बघायची त्याच रिंकवर मॅनिटोबा विद्यापीठाचा मुलींचा संघ, बायसन्स, खेळतो. २०१८ साली त्या मुली देशातल्या विद्यापीठ विजेत्या होत्या. तिच्याच शहरातली जेनिफर बॉटरिल ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं घेऊन आली. हे तिला आधी सांगू नका, नाहीतर शाळेचा धडा होईल. नुसतं खालच्या रांगेत, काचेला लागून बसवा. मुली फळीवर आदळतात तेव्हा काच थरथरते आणि स्केटने उडालेला बर्फाचा चुरा काचेवर येऊन चिकटतो. बाकीचं तिचं ती बघेल. नाहीच वाटलं तर या वर्षी नाही खेळणार. तेही चालेल. एक सीझन सुटला म्हणून पाय स्केटिंग विसरत नाहीत.

तिचा आणि त्या मुलाचा संबंध तोडू नका एवढं पाहा. लीगचे सामने इंटरनेटवर दिसतात. वेनाची तुमच्याहून दोन तास मागे आहे, म्हणजे तिकडचा सातचा सामना तुमच्याकडे रात्री नऊला सुरू होईल. शुक्रवारी पहिला पिरियड बघायला तिला जागू द्या.

तुमच्या यजमानांशी मात्र घाई करू नका. 'पुन्हा जीव लावायचा नाही' म्हणणारा माणूस जीव लावून बसलेला असतो. थंडीत इंजिन गोठू नये म्हणून त्यांनी त्या मुलाची गाडी रोज रात्री प्लगला लावली असेल, पहाटे सरावाला सोडलं असेल, आणि त्यांना ऑफिसात याबद्दल बोलायला कोणी नसेल. त्यांना विचारा, समजावू नका. सप्टेंबरचा मुलगा घ्यायचा की नाही हे मी तुमच्या वतीने ठरवणार नाही, पण माझं मत विचारलंत तर या सप्टेंबरला नाही म्हणा. येणारा मुलगाही कोणाच्यातरी घरून पहिल्यांदाच निघालेला असेल. त्याला भिंतीवर दुसऱ्याच्या संघाचं वेळापत्रक लटकलेल्या खोलीत, तुलना करणाऱ्या नजरांसमोर उतरवणं बरं नाही. त्या संघाला स्पष्ट सांगा, जानेवारीनंतर विचारा. सीझनच्या मध्यावर मुलं एका संघातून दुसऱ्या संघात जातात, तेव्हा खोल्यांची खरी अडचण असते. तोवर ती खोली उघडी ठेवा. दार लावून घेतलेल्या खोलीशेजारून रोज जाणं अवघड पडतं. इस्त्रीचं टेबल तिथे ठेवा, लेकीला अभ्यासाला बसवा.

राहिल्या स्टिक. कापू नका. लेकीच्या उंचीला बसावी म्हणून मोठ्यांची स्टिक कापली की ती आणखी ताठ होते, अकरा वर्षांच्या मुलीच्या हाताने वाकतच नाही, आणि शॉट निघत नाही म्हणून तिला वाटेल आपल्यालाच येत नाही. कुरिअरने पाठवायच्या का, ते त्याला विचारण्याचं काम लेकीवर सोपवा. तिने स्वतः मेसेज करावा: 'तुझ्या दोन स्टिक आहेत, पाठवू का?' माझा अंदाज आहे तो एक मागवेल आणि एक तिला ठेव म्हणेल. ठेव म्हणाला तर वरच्या टोकाची जुनी टेप काढून टाकू नका. ती त्याने स्वतः गुंडाळलेली असते, प्रत्येकाची गाठ निराळी. गॅरेजमध्ये थंडीने टेप कडक होते, घरात आणून दाराआड उभी करा.